पाण्याखालच्या गावचा जावई

बारामती,
भिगवण रस्त्यामागची खोली,
मे महिना सरताना

तीर्थरूप कुंडलिकमामांस,

भाचा सूरज याचा खोलीतल्या फरशीवर पालथं पडून, म्हणजे खरोखरच साष्टांग, नमस्कार. (फरशी गार लागते आणि पंखा बंद आहे.) तुमचा गुडघा जिन्यावर कितपत साथ देतोय, मामींचं बीपी खाली आलं का, आणि दिवस भरलेली ती काळी जर्सी सुखरूप मोकळी झाली का, हे कळवावं. इकडं मी खुशाल आहे. खुशाल म्हणजे दोन वेळा जेवतो आणि उन्हात उभा राहिलो की माझी सावली पडते. ही दुसरी गोष्ट मी हल्ली रोज बघून घेतो.

मागच्या आठवड्यात तुम्ही वडगाव निंबाळकरहून एवढं ऊन अंगावर घेऊन माझ्या खोलीवर आलात, दाराला कुलूप होतं, आणि शेजारच्या किराणावाल्यानं तुम्हाला सांगितलं की पोरगा सासरी गेलाय. तुम्ही त्याच्याकडं पाणीसुद्धा न पिता आल्या पावली परत गेलात आणि लोणी भापकरला आमच्या आईला फोन केलात. आईनं मला केला. ती आधी रडली, मग पोरगी कुठल्या गावची ते विचारलं, मग गावाचं नाव ऐकून पुन्हा रडली, कारण ते गाव तिच्या लग्नाआधीच उजनीच्या पाण्याखाली गेलेलं आहे. तेव्हा मामा, हे पत्र. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही "बोल" म्हणता आणि मग स्वतःच बोलता. शिवाय ही हकिकत अशी आहे की ऐकणाऱ्यानं मधेच काही विचारलं तर सांगणाऱ्याचा धीर सुटायचा. किराणावाला खोटं बोलला नाही. एका अर्थी मी सासरीच होतो.

मूळ सगळं शिक्षणातून निघालं. मी शिकतो हे तुम्हाला ठाऊक आहेच. तुम्हीच चारचौघांत "आमचा भाचा अजून शिकतोय" असं सांगता आणि 'अजून'वर जरा जास्तच जोर देता. बी.ए. झालं, मग बी.कॉम.ला पहिल्या वर्षाला बसून पाहिलं, मधे पर्यटनाचा डिप्लोमा केला (त्यात आम्हाला भिगवणला रोहित पक्षी दाखवायला नेलं होतं आणि मी गाडीतच झोपलो होतो), आणि आता एम.ए.चं दुसरं वर्ष दुसऱ्यांदा चालू आहे. कारण साधं आहे. शिकणाऱ्या माणसाला कोणी ऊसतोडीच्या टोळीशी बोलायला पाठवत नाही, सोसायटीच्या मीटिंगला बसवत नाही, आणि मयताला खांदा द्यायला पुढं करत नाही. माझा खोलीतला सोबती नागेश, त्याचंही तेच. त्याच्या वडिलांची इंदापूरकडं द्राक्षाची बाग आहे आणि बागेचं नाव काढलं की त्याला ताप भरतो. लग्नसराईत तो व्हिडिओ शूटिंग करतो, एरवी झोपतो. आमची सकाळ दुपारी होते.

या उन्हाळ्यात आम्हाला वाटलं की आपल्यासारख्यांवर एक सिनेमा काढावा. नाव 'यंदाबी नापास'. खोलीवर राहणारी पोरं मुद्दाम नापास होतात, कारण पास झालं की घरी जावं लागतं, घरी गेलं की लग्न होतं, आणि लग्न झालं की माणूस कामाला लागतो, अशी कथा. सिनेमा चावट होता, हे मान्य करतो. (मामींना चष्म्याशिवाय वाचता येत नाही हे मला माहीत आहे, तेव्हा चष्मा थोडा वेळ तुमच्याकडं ठेवा.) नायक म्हणजे मी, आणि मी जवळजवळ सगळा सिनेमाभर टॉवेलवर आहे, कारण आमच्या कपडेपटात टॉवेल तेवढाच धड होता. एका प्रसंगात मी मुलींच्या हॉस्टेलच्या न्हाणीघरात अडकतो. एका प्रसंगात घरमालकीण भाजीवाल्याशी केळ्याच्या आकारावरून भांडते आणि कॅमेरा नेमका तेव्हाच माझ्याकडं वळतो. दिग्दर्शन प्रतिक्षाचं. ही आमच्या वर्गातली, इंदापूरची, आणि आमच्यात पास होणारी एकटी. मला उन्हातान्हात टॉवेलवर पळवत ठेवणं यालाच ती दिग्दर्शन म्हणते.

शेवटचा प्रसंग लग्नाचा होता. नायकाला घरचे पकडून बोहल्यावर उभं करतात, अंतरपाट मिळत नाही म्हणून त्याचाच टॉवेल ओढून अंतरपाट धरतात, आणि मंगलाष्टकं संपून अंतरपाट दूर झाला की... (चष्मा अजून तुमच्याकडंच असू द्या.) असला प्रसंग बारामतीत कुठल्या कार्यालयात घ्यायचा? प्रतिक्षानं जागा काढली ती वरकुट्याच्या पुढं, उजनीच्या काठाला. उन्हाळ्यात पाणी हटलं की तिथं जुनं गाव उघडं पडतं. माणूस नाही, काणूस नाही. तिच्या आजीनं तिला बजावलं होतं की जायचं तर जा, पण सूर्य डोक्यावर यायच्या आत माघारी फिर. आम्ही उठलोच अकराला.

मामा, तुम्ही पुष्कळ मोकळी रानं बघितली असतील, पण ती जागा मोकळी नाही. घरांच्या भिंती कधीच गेल्यात, जोती आणि उंबरे तेवढे राहिलेत. गाळ वाळून त्याला भेगा पडलेल्या, त्यात शिंपले, आणि मधेच एखादी पायरी, जी कुठंच चढत नाही. लांब पाण्यात रोहित पक्षी उभे होते. एकाचीही मान खाली नव्हती, सगळे आमच्याकडं बघत होते. वारा पडलेला. माझ्या लक्षात एक वेगळंच आलं. उंबरा आला की आम्ही तिघंही पाय उचलून आत जात होतो, आणि नागेशनं तर एका ठिकाणी चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या.

एका जोत्यापुढं दगडी तुळशीवृंदावन शाबूत होतं. माझ्यासारख्या अवतारातल्या माणसासमोर नवरी म्हणून उभं राहायला प्रतिक्षानं साफ नकार दिला, आणि तिचं बरोबर होतं. म्हणून वृंदावनालाच शालू गुंडाळला, वर मुंडावळ्या बांधल्या आणि ती नवरी झाली. नागेश कॅमेऱ्यामागं. मी टॉवेल सोडून अंगाच्या रंगाच्या चड्डीवर उभा. प्रतिक्षानं टॉवेलचं एक टोक धरलं, आणि दुसरं टोक धरायला माणूसच नाही हे तेव्हा ध्यानात आलं. ती दुसऱ्या टोकाला दगड बांधावा का, असा विचार करत होती, तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "धरतो मी."

पांढरा पटका, पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, वय साठीच्या आसपास. आमचे तिघांचे पाय पोटरीपर्यंत गाळाच्या धुळीनं भरलेले आणि त्यांच्या धोतराला डाग नाही. प्रतिक्षाला वाटलं वरकुट्याचे कोणी असतील. ती तर खूशच झाली, कारण नवरीच्या बापाचं काम करायला आम्हाला कोणी मिळत नव्हतं. चावट सिनेमात बाप व्हायला कोण तयार होणार? तिनं विचारलं, काम कराल का. ते व्हय म्हणाले. नाव विचारलं तर आप्पासाहेब म्हणाले. मला खालपासून वरपर्यंत बघून त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि माझ्या अंगावर टाकलं. नवरदेव असा उघडा बरा दिसत नाही, एवढंच म्हणाले. तेवढ्या उन्हात ते उपरणं ओलं होतं, आणि विहिरीच्या तळासारखं गार.

त्यांना म्हणायची ओळ मीच लिहिलेली होती आणि तिचा मला फार अभिमान होता. नवरीचा बाप जावयाला डोळा मारून विचारतो की मोटार पाणी उचलती का. पुढं मी कंबर हलवून उत्तर द्यायचं. (कळलं असेल. मामींना समजावून सांगू नका.) प्रतिक्षानं त्यांना ओळ सांगितली, डोळा कसा मारायचा तेही दाखवलं. नागेशनं कॅमेरा सुरू केला. आप्पासाहेबांनी डोळा मारला नाही. ते माझ्या अगदी जवळ आले आणि एखाद्यानं वर्षभर मनात धरलेली गोष्ट विचारावी तसं विचारलं, "जावईबापू, मोटार पाणी उचलती का?"

माझी कंबर हलेना. मी म्हणालो, "व्हय, उचलती."

"मग पोरीला घागर घेऊन नदीला जायला लागायचं न्हाय," ते म्हणाले. "सिंधूला सांभाळाल न्हवं?"

हे आमच्या संहितेत नव्हतं. सिंधू कोण हेही आम्हाला माहीत नव्हतं. प्रतिक्षा बोट वर करून शॉट थांबवणार होती, पण तिचं बोट तसंच राहिलं. नागेश कॅमेरा चालूच ठेवून होता, कारण लग्नात काहीही झालं तरी कॅमेरा बंद करायचा नाही अशी त्याला सवय आहे. मी म्हणालो, "सांभाळीन." दुसरं काय म्हणणार? समोर एक म्हातारा माणूस हात जोडून उभा होता. त्यांनी माझी ओंजळ पुढं घेतली आणि तीत पाणी सोडलं. मामा, त्यांच्या हातात तांब्या नव्हता.

शॉट कसा आलाय ते बघायला आम्ही तिघं कॅमेऱ्यावर वाकलो. मान वर केली तर आप्पासाहेब नाहीत. सगळीकडं नजर पोचेल तिथवर गाळ, आडोसा म्हणावा तर एक ते वृंदावन. नागेशनं चपला घातल्या नाहीत, उचलल्या आणि पळाला. त्याच्या मागं प्रतिक्षा, तिच्या मागं शालू ओढत मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे आमच्या पहाटे, मला जाग आली ती पायाशी कोणीतरी उभं आहे म्हणून. आप्पासाहेब होते. म्हणाले, "उठा जावईबापू. सिंधू एकटी हाय." एवढंच. रागावले नाहीत, घाबरवलं नाही. भाच्याला उठवायला तुम्ही ज्या आवाजात ओरडता त्याच्या निम्म्यानंसुद्धा ते बोलले नाहीत. मी डोक्यावरून पांघरूण घेतलं आणि आत घामानं भिजून निघालो. बाहेर आलो तेव्हा ते नव्हते, फरशीवर पाणी होतं. त्यांचं उपरणं मी खोलीतल्या दोरीवर वाळत टाकलं होतं. बारामतीच्या मे महिन्यात पापड घटकेत वाळतो. ते उपरणं वाळेना. त्याखाली बादली ठेवावी लागली, आणि बादली भरत होती.

मग ते रोज दुपारी यायला लागले. मी खोली सोडून मेसमध्ये जाऊन बसलो, ते मेसच्या दारात. मी लायब्ररीत गेलो (तिथल्या बाईंनी मला नवीन विद्यार्थी समजून नियम समजावून सांगितले), ते पुस्तकांच्या कपाटाशी. बाकीच्यांना दिसत नव्हते, पण त्यांच्या वाटेतली माणसं नकळत बाजूला सरकायची आणि मग आपण का सरकलो म्हणून इकडं तिकडं बघायची. प्रत्येक वेळी तेच, सिंधू एकटी हाय. नागेशला ते दिसायचे. तो दुपारचा कॉटखाली जाऊन झोपायला लागला. प्रतिक्षाला दिसत नव्हते. ती म्हणाली, त्यांचं काम जावयाशी आहे, ते माझ्याकडं कशाला बघतील? पुढं तीच म्हणाली की माणूस इतक्या सभ्यपणे काही सांगतोय तर जाऊन बघायला काय होतं. नागेशचं मत पडलं की बघायला गेलं की करावं लागतं. आजवर मी नागेशचंच ऐकत आलो होतो, या खेपेला प्रतिक्षाचं ऐकलं.

आता एक सांगतो, ते तुमच्या-माझ्यात ठेवा. मला वाटलं होतं की सिंधू म्हणजे ऐन विशीतली, हिरवा चुडा भरलेली, पाण्यातून वर येणारी कोणीतरी असणार. भीती होतीच, पण भीतीच्या खाली दुसरंही काही होतं. मी इस्त्रीचा शर्ट घातला. नागेशचं अत्तर लावलं. मोटरसायकलवर मागं बसलेली प्रतिक्षा वरकुट्यापर्यंत शिंकत होती; नागेश दुसऱ्या गाडीवर, अंतर राखून मागं. उपरणं पिशवीत घेतलं होतं, पिशवीतून वाटभर पाणी ठिबकत होतं.

वरकुट्यात चौकशी केली तर एका डाळिंबवाल्यानं मला नीट बघून घेतलं आणि विचारलं, काठावरनं दिसला, खाली जुन्या गावात लग्नाला उभा राहिलेला तूच का. मी व्हय म्हणालो. त्यानं हातातली कात्री खाली ठेवली आणि गावाबाहेरच्या घराकडं बोट केलं. तिथं दारात एक बाई कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. साठी केव्हाच ओलांडलेली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरून बुबुळं दुधासारखी झालेली. मी नाव विचारलं. सिंधुबाई म्हणाल्या. मी पिशवी पुढं केली. त्यांनी उपरणं बाहेर काढलं, बोटांनी त्याचा काठ चाचपला, नाकाशी धरलं, आणि बराच वेळ तसंच धरलं. मग विचारलं, कोण आलंय, जवळ ये. मी जवळ गेलो. त्यांनी माझ्या तोंडावरून, खांद्यावरून हात फिरवला, अत्तराचा वास घेतला, आणि हसायला लागल्या त्या इतक्या की त्यांना ओट्यावर बसावं लागलं.

"आबानं इतकी वर्सं शोधून हे आणलं व्हय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. एकोणिसाव्या वर्षी त्यांचं लग्न ठरलं होतं. त्याच पावसाळ्यात पाणी चढणार होतं, गाव उठून चाललं होतं, पण आप्पासाहेबांनी हट्ट धरला की पोरीची पाठवणी आपल्या दारातूनच करायची. मांडव घातला. मुहूर्त दुपारचा होता. वऱ्हाड आलंच नाही; ज्यांचं गावच राहणार नाही त्यांच्याशी सोयरीक कशाला, असं त्यांचं ठरलं आणि निरोपही धाडला नाही. लोक सामान भरून निघाले. सिंधुबाईंनी बापाचा हात धरून ओढला, आबा चला म्हणून पाया पडल्या. ते वाटेकडं डोळे लावून मांडवात बसून राहिले, आणि उन्हानं बसल्या जागी गेले. तेव्हापासून पाणी हटलं की दुपारी ते तिथं असतात. कधी मेंढपाळाला विचारतात, कधी मासे धरणाऱ्याला. सगळे पळतात. व्हय म्हणणारा मी पहिला.

पुढं त्यांनी लग्न केलं नाही. भावाची पोरं वाढवली, ती पोटापाण्याला पुण्याला गेली, भाऊ-भावजय वारले. तक्रारीचा सूर नव्हता; कोंबड्यांची नावं सांगावीत तसं सांगत होत्या. प्रतिक्षानं विचारलं की तुम्ही स्वतः कधी खाली भेटायला गेलात का. म्हणाल्या, कधीच न्हाय. वऱ्हाडासाठी बसला, माझ्यासाठी उठला न्हाय, म्हणून मी बी गेले न्हाय. त्या एवढ्या वर्षांचा राग धरून बसल्या होत्या आणि तो राग ताजा होता, ठिबकत होता.

आम्ही निघायला उठलो. मी चपला घालत होतो तेव्हा त्या म्हणाल्या, थांब. आत गेल्या, फडक्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली. डोक्यावरून पदर घेतला आणि माझ्यापुढं हात केला.

"चल. सोड मला तितवर."

मामा, मी आयुष्यात कोणाचा हात धरून कुणाला कुठं नेलेलं नाही. उलट मलाच सगळ्यांनी ओढत नेलं आहे. गाळात भेगा होत्या, त्यांना दिसत नव्हतं, आणि मला प्रत्येक पाऊल आधी स्वतः टाकून बघावं लागत होतं. पण उंबरे त्यांना न बघता कळत होते. हे सुताराचं, हे आमच्या चुलत्याचं, असं म्हणत त्या पाय उचलायच्या. नागेश काठावरच थांबला. रोहित पक्षी परवासारखेच माना वर करून उभे. वृंदावनापाशी आलो तेव्हा आप्पासाहेब जोत्यावर बसलेले होते, वाटेकडं तोंड करून.

सिंधुबाईंनी मला हळूच विचारलं की आला का. मी म्हणालो, समोर हायत. त्यांनी माझा हात सोडला नाही. तोंड बरोबर त्यांच्या दिशेनं केलं. मला वाटलं आता रडतील. आवाज अगदी घरातला होता.

"आबा, वऱ्हाड यायचं न्हाय. उठा आता. जेवायला चला."

आप्पासाहेबांनी तिच्याकडं बघितलं. एकोणीस वर्षांच्या पोरीऐवजी आपल्याहून म्हातारी बाई समोर उभी आहे, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. त्यांचे ओठ हलले. त्यांनी माझ्याकडं बोट केलं आणि मला एकट्याला ऐकू येईल असं विचारलं की हा पोरगा सांभाळील न्हवं तुला. मी प्रश्न जसाच्या तसा सिंधुबाईंना सांगितला.

"ह्यो काय मला सांभाळतोय," त्या म्हणाल्या. "ह्याला मीच सांभाळीन."

ते हसले. खरोखर हसले, मामा. पटका सरळ केला, धोतर झटकलं, उठले आणि पाण्याकडं चालत गेले. पाण्यात शिरताना एकही लाट उठली नाही. पक्ष्यांनी मात्र एकदम माना खाली घातल्या आणि चरायला लागले. मी सांगितलं, गेले. सिंधुबाईंनी चाचपत फडक्याची गाठ सोडली. मग म्हणाल्या, जेवला न्हाय, आणि फडकं जोत्यावर उघडून ठेवलं. परतीच्या वाटेवर त्या रडल्या, आणि हात इतका घट्ट धरला होता की माझ्या मनगटावर अजून वळ आहेत.

त्यानंतर मी त्यांना बारामतीला आणून डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. त्यांच्यापाशी थांबायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी थांबलो. त्याच दिवसांत तुम्ही येऊन गेलात; मी सासरी आहे असं किराणावाल्याला नागेश सांगून बसला होता. पट्टी काढल्यावर त्यांनी मला पहिल्यांदा बघितलं, आणि दिसत नव्हतं तेव्हा बरा हुतास, असं म्हणाल्या. काय हाक मारायची असा पेच होता (नात्यानं बघायला गेलं तर बोलायची सोय नाही). त्यांनीच सोडवला, मावशी म्हण म्हणाल्या. आता त्या बऱ्या आहेत, वरकुट्याला परतल्यात, आणि रोज सकाळी सहाला फोन करून मला आणि नागेशला उठवतात. न उठलं तर येते म्हणतात. मामींना नमस्कार, वासराला (झालं असेल तर) माझ्याकडून एक थाप.

आपला, वयानं लहान आणि अनुभवानं एकाएकी म्हातारा झालेला,
सूरज

ता.क. सिनेमा पुरा झाला. तुम्हाला वाटेल आप्पासाहेब त्यात दिसत नसतील. दिसतात, स्वच्छ. कॉलेजात पोरांना दाखवला तेव्हा केळ्यांच्या प्रसंगाला शिट्ट्या पडल्या, आणि मोटारीच्या ओळीला सगळा हॉल गप्प झाला. पोरं बाहेर पडून घरी फोन लावत होती. चावट सिनेमा म्हणून तो पार वाया गेला आहे. सगळे विचारतात की हा नट कुठला.

ता.क. आणखी एक, आणि खरं तर एवढ्यासाठीच पत्र लिहायला घेतलं. आप्पासाहेब येत नाहीत. पण परवापासून दुपारी खोलीच्या बाहेर रांग लागते. त्यांनी तिकडं जाऊन सांगितलं असावं की बारामतीत एक पोरगा आहे, स्वभावानं बरा, शिक्षण काही संपत नाही, हाताशी वेळच वेळ. एकाचं ज्वारीचं पेव उघडायचं राहिलंय. एकीला जात्याचा खुंटा हवाय. एक जण काहीच बोलत नाही, नुसता चपला काढून उंबऱ्यात बसतो. मला कोणालाच नाही म्हणता येत नाही. तेव्हा मामा, दिवाळीत तुम्ही राजेश्वरी नावाच्या मुलीचं स्थळ काढलं होतं आणि मी परीक्षा पुढं केली होती, ते अजून मोकळं असेल तर मी तयार आहे. दूध संकलन केंद्रावर माणूस हवा असं तुम्ही म्हणत होतात, तिथंही चिकटवा. पगाराचं काही नाही. काम दुपारचं पाहिजे. रविवारी येऊन या मंडळींना वडीलधाऱ्या आवाजात सांगा की पोरगा आता मोकळा नाही.

ता.क. रांगेत साखरबाई म्हणून एक आहेत. हातात दावं, दाव्याला काळी रेडी. त्या काम सांगत नाहीत, फक्त विचारतात की वडगावचा कुंडलिक, माझ्या बहिणीचा पोरगा, सुट्टीला आला हुता, "मावशी, पाणी पिऊन येतो, तवर रेडी धर" म्हणून गेला, तो अजून कसा आला न्हाय. मी म्हणालो, त्यांना गोठ्यातून सवड मिळत नाही. त्या म्हणाल्या, असू दे, मग मीच जाते त्याच्याकडं. काल दुपारपासून त्या रांगेत दिसलेल्या नाहीत.